भंवरीबाईंचा कोपरा

नागपूर
१२ जून १९७३

प्रिय कंचे,

तुझे नथमलराव गेल्याचं कळलं तेव्हा मी एक पत्र टाकलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही, आणि यावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. असल्या वेळी शहाण्या माणसांची पत्रंसुद्धा वाचवत नाहीत, आणि माझा शहाणपणाशी संबंध किती ते वाशीमच्या शाळेपासून तुला ठाऊक आहे. कशी आहेस एवढं दोन ओळींत कळव. खोटं लिहू नकोस.

आता माझा स्वार्थ. शाळेत मराठी शिकवून उरलेल्या वेळात मी इथल्या एका मासिकात लिहिते. संपादकांना दिवाळी अंकासाठी वऱ्हाडातल्या विसरलेल्या बायकांवर कथा हव्यात. राण्या नकोत, लढाया नकोत. इतिहासानं जिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही अशी बाई हवी. मला एकदम तुझं लग्न आठवलं. आम्ही पोरी केनवडला तुमच्या मागच्या अंगणात हुंदडत होतो आणि एका खोलीपाशी तुझ्या सासूबाई ओरडल्या होत्या, "चपला काढा वं पोरींनो, भंवरीमाँची खोली हाये ते!" आत एका कोनाड्यात दिवा होता, बाकी काहीच नव्हतं.

ही भंवरीमाँ कोण? तुला माहीत असेल ते सगळं लिही. बाकीचं मी बघते.

तुझी,
गोमती


केनवड
३० जून १९७३

प्रिय गोमे,

तुझं पहिलं पत्र मिळालं होतं. आधी ते सासऱ्यांनी वाचलं, मग सासूबाईंना वाचून दाखवलं, मग माझ्याकडे आलं. आमच्याकडे आलेलं टपाल सगळ्या घराचं असतं. हे मात्र हिरीबाईच्या हाती गुपचूप पाठवतेय. ती आमच्याकडे धुणीभांडी करते. तुला मनातलं काही लिहायचं असेल तर यापुढे तिच्या नावानं पाठव.

कशी आहेस म्हणून विचारतेस. बसले आहे. उगाच म्हणत नाही, खरोखर बसले आहे. आमच्या घराण्यात नवरा गेला की बाईनं एका खोलीचा कोपरा धरायचा. पहाटे अंधारात परसात जाऊन येण्यापुरतं उठायचं, एरवी तिथंच. पुरुषांसमोर बोलायचं नाही. वर्ष झालं की माहेरचा माणूस येतो, नवी ओढणी अंगावर घालतो आणि हात धरून उठवतो. मग काही दिवस माहेरी राहून बाई परत येते आणि घरात, अंगणात, शेजारीपाजारी फिरायला मोकळी होते. माहेरच्या माणसाशिवाय उठायचं नाही, असा नियम आहे. मला ना वडील ना भाऊ. पण इंझोरीचे इंदरचंदकाका येतो म्हणालेत, माघात. तेवढ्यावर मी दिवस काढतेय. मला फार काही नको गं. एकदा दारातून बाहेर पडायचंय, पुढचं पुढे.

आणि गंमत बघ, तू जिची चौकशी करतेस त्या भंवरीबाईंच्या खोलीतच बसून हे लिहितेय. सासरे म्हणाले, पवित्र जागा आहे, सुनेला बळ मिळेल.

भंवरीबाई म्हणजे सासऱ्यांची मोठी काकू. संवत छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे पंचाहत्तरेक वर्षांमागे, त्यांचा नवरा गेला. वय असेल सतरा-अठरा. त्याच वर्षी त्या या कोपऱ्यात बसल्या आणि 'चले जाव'च्या साली वारल्या तोवर उठल्याच नाहीत. एवढं मोठं तप साऱ्या मुलखात कुणी केलं नाही, असं सासूबाई सांगतात. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा भंवरीबाई होत्या, त्यांना ताट न्यायचं काम सासूबाईंकडेच होतं. बोलणं फार कमी, जेवणं त्याहून कमी. फक्त एक सवय होती. दारात बैलांची दमणी थांबल्याचा आवाज आला की आतून विचारायच्या, "कोनाची दमणी आली?" सासूबाई म्हणतात, "कोपऱ्यात बसून बी त्याइले आल्यागेल्याची काळजी. पाव्हना उपाशी नको जायले म्हून इचारत."

याहून जास्त कुणालाच ठाऊक नाही. त्यांचा फोटो नाही. माहेर मारवाडात होतं, गावाचं नाव कुणाला आठवत नाही.

लिही तू. निदान एक जण तरी या खोलीतून बाहेर पडेल.

तुझी,
कंचन


नागपूर
२ नोव्हेंबर १९७३

प्रिय कंचे,

अंक पाठवतेय, हिरीबाईच्या नावानं. तुझ्या सासऱ्यांच्या नावानं वेगळा पाठवलाय, घराण्याचा मान म्हणून. कथा पहिल्याच पानावर आहे, 'कोपऱ्यातली ज्योत'. संपादक वाचून रडले. आमचे संपादक सहसा फक्त कागदाच्या भावावर रडतात.

दमणीची गोष्ट जशीच्या तशी घेतली. केवढी आतिथ्यशील बाई! बाकी तू दिलेलं सामान पोस्टकार्डभर होतं, म्हणून मला हात सैल सोडावा लागला. शेवट माझा आहे. वर्ष संपतं, मारवाडातून भाऊ ओढणी घेऊन येतो, हात पुढे करतो. भंवरीबाई म्हणते, "दादा, परत जा. हा कोपराच आता माझं माहेर." भाऊ तिच्या पाया पडतो आणि रिकाम्या हातानं परत जातो. खरं सांगू? ते वाक्य लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. इतिहास जिथं गप्प बसतो तिथं आम्ही बोलायचं असतं.

कसं वाटलं ते कळव. तुझं मत संपादकांपेक्षा मोठं.

तुझी,
गोमती


।। श्री ।।
केनवड
१९ नोव्हेंबर १९७३

सौ. गोमतीबाई यांस कंचनचा सप्रेम जयजिनेंद्र.

आपण पाठवलेला अंक मिळाला. श्री. मामंजींनी कथा जैन स्थानकात सर्वांसमोर वाचून दाखवली. साध्वी महासतीजींनीही वाखाणली. गावातली व रिसोडची मंडळी खोलीच्या दर्शनाला येत आहेत. मामंजींना व सासूबाईंना फार समाधान वाटलं. त्यांनी आपणांस आशीर्वाद कळवले आहेत. येथील सर्व कुशल. आपली प्रकृती जपावी.

कंचन


नागपूर
२० जानेवारी १९७४

प्रिय कंचे,

तुझं पोस्टकार्ड! 'सौ. गोमतीबाई'! माझं अजून लग्न व्हायचंय हे विसरलीस की काय? पण ते वाचून मी दोन दिवस हवेत होते. स्थानकात माझी कथा, आणि तीही महासतीजींसमोर! आमच्या आईला सांगितलं तर म्हणाली, "जन्माचं सार्थक झालं, आता स्वयंपाक शिक."

उशीर झाला त्याचं कारणही चांगलं आहे. कथेवर ढिगानं पत्रं आली. संपादक म्हणतात, पुढच्या दिवाळीला भंवरीबाईंवर दुसरी कथा द्या.

आता माघ आलाच. इंदरचंदकाका येतील, तू उठशील. वाशीमला आलीस की मला कळव. शाळेमागच्या त्या बोरीखाली बसून तुला नागपूरच्या सगळ्या भानगडी सांगते.

तुझी,
गोमती


केनवड
११ मार्च १९७४

गोमती,

हे पत्र हिरीबाईच्या हातचं आहे, म्हणून खरं लिहिते. पोस्टकार्ड सासऱ्यांनी समोर बसून लिहून घेतलं होतं. तुला ते कळलं नाही याचं मला नवल वाटलं. शाळेत तर माझ्या डोळ्यांवरून तुला कळायचं की गणित आलं नाही.

काका आले होते. माघातच आले, बोलल्याप्रमाणे. ओढणी घेऊन आले. एस.टी.तून उतरून दारात आल्याचा आवाज मी ऐकला. वेणी घालून तयार होते. हसू नकोस.

सासऱ्यांनी त्यांना बैठकीत बसवलं, चहा दिला आणि तुझी कथा वाचायला घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. भिंतीपलीकडून एकेक शब्द मला ऐकू येत होता. भाऊ रिकाम्या हातानं परत जातो तिथं ते दोनदा थांबले. मग काका म्हणाले, "सेठजी, मंग मी कोन उठवनारा? पोरीच्या मनात बसाचं असंल तं मी काहून पाप घेऊ?"

सासरे म्हणाले, "आमी तिले धरून नाई ठेवलं. तिच्या तोंडून 'नाई बसत' असं आलं तं खुशाल घेऊन जा."

गोमे, मी ओरडू शकत नव्हते. बोलायची सोय नाही. म्हणून मी हातातला तांब्या जमिनीवर आपटला, चांगला दणका देऊन आपटला. मग सासऱ्यांचा आवाज आला, "पाहा. बोलली नाई, पन सांगतलं. जायले नको म्हन्ते ते."

काकांनी दारातूनच मला हात जोडले. माझ्या काकांनी, मला! ओढणी परत घेऊन गेले.

आता रोज माणसं येतात. बायका माझ्या पाया पडतात, पोरं दाखवतात. एकीनं तर माझ्या पायाखालची माती नेली. हिरीबाई म्हणते, "मालकीन, तुमी देव झाल्या आता. देवाले कोनी सोडत नसते." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि वर हळदकुंकू.

तुझ्यावर चिडायचं ठरवून लिहायला बसले होते. चिडलेलीच आहे. तुला शेवट हवा होता म्हणून तू भावाला परत पाठवलंस. तुझ्या घरात कुणाला दार उघडायला भाऊ लागत नाही, म्हणून तुला ते सुंदर वाटलं. काकांना जाऊन सांग की तो शेवट तू रचलास. ते तुझं ऐकतील. तू लेखिका आहेस ना?

कंचन


नागपूर
२१ एप्रिल १९७४

प्रिय कंचन,

तुझं पत्र वाचून मी शाळेतून रजा काढली आणि इंझोरीला गेले. आधी तुझ्याकडे यावं असं मनात होतं. पण तुझ्या सासऱ्यांनी मला नारळ-ओढणी देऊन सत्कार केला असता आणि मी तिथं काय बोलले असते? म्हणून काकांकडे गेले.

त्यांनी मला गादीवर बसवलं. अंक त्यांच्या देवघरात होता, कंचे. ग्रंथांच्या शेजारी.

मी सरळ सांगितलं, "काका, तो शेवट मी मनानं लिहिलाय. भाऊ आला होता की नाही हे कुणालाच माहीत नाही."

ते हसले. म्हणाले, "बाई, तुमी नम्र हाय. मोठ्या मानसाचं लक्षन हाये ते."

"नम्र नाही काका, खोटारडी आहे. गोष्टीत रचावं लागतं."

"मानसं रचतात, मान्य हाये. पन मग अंगावर काटा कसा येते? खोट्यानं काटा येते काय? आन छापनाराले पाप नाई लागत काय?"

मी तुझं पत्र दाखवलं. तांब्याचं वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकले. तर म्हणाले, "पाहा, सुरवातीले जीव असाच तडफडते. भंवरीमाँचा बी तडफडला असंल. मी गेलो आन तिचं तप मोडलं तं सात पिढ्या मले नाव ठेवतील." आणि मग हळूच म्हणाले, "आन माह्या दोन पोरी लग्नाच्या हायेत. तुमच्या गोष्टीमुळं चांगली स्थळं येऊन राह्यली."

मी तिथून उठले. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं वाचणारा माणूस भेटला आणि त्याला माझ्याच कथेतून बाहेर काढता येईना. माझी चूक झाली. घरातलं कुलूप मी घडवलं नाही, पण गोष्ट लिहून त्यात किल्ली मीच फिरवली.

दुसरी वाट शोधतेय. तुला सुचलं तर तू सांग.

तुझी,
गोमती


केनवड
२६ सप्टेंबर १९७४

प्रिय गोमे,

हिरीबाई पावसाभर आजारी होती, म्हणून इतके महिने काही पाठवता आलं नाही. तू दोन पत्रं टाकलीस ती तिच्या उशीखाली होती. तुझ्यावरचा राग त्यातच मुरला.

संवत्सरी झाली. तुला आठवतं ना, त्या दिवशी आम्ही सगळ्यांकडे वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. लहान मोठ्यांकडे, मोठे लहानांकडे. सासऱ्यांची थोरली बहीण सूरजबाई रिसोडहून आल्या होत्या. सत्तरी उलटलेली बाई, काठी टेकत थेट या खोलीत आल्या. मला वाटलं माझ्याकडे आल्या, म्हणून मी सरसावले. तर त्या कोनाड्यातल्या दिव्यासमोर बसल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "बडीमाँ, खमजो." म्हणजे क्षमा करा. आणि रडायला लागल्या.

मी विचारलं, "आत्याजी, एवढं तप केलेल्या बाईचं तुम्ही काय बिघडवलं?"

त्या डोळे पुसून म्हणाल्या, "कायचं तप, बेटा? कोनी आलंच नाई."

मग त्यांनी सांगितलं ते असं. छप्पनच्या दुष्काळात मारवाडात माणसं किडामुंगीसारखी मरत होती. भंवरीबाईंचं वर्ष सरलं तेव्हा भाऊ निघाल्याचा निरोप आला होता. तो पोचलाच नाही. वाटेत मेला की निघालाच नव्हता, कुणास ठाऊक. सूरजबाईंच्या वडिलांनी, म्हणजे भंवरीबाईंच्या दिरानं, दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. मग घरात प्रश्न पडला, माहेरचं माणूस नाही तर हिला उठवायचं कुणी? जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. यंदा नाही तर पुढल्या वर्षी बघू, असं करता करता दहा वर्षं गेली. मग कुणीतरी विचारलं की अजून कशी बसलीये, तर घरच्यांनी लाजेखातर सांगितलं, तप आहे. लोक पाया पडायला यायला लागले. त्यानंतर उठवायची गोष्टच कुणी काढली नाही.

"आणि ते दमणीचं?" मी विचारलं.

"माहेरची दमणी आली काय म्हून इचारत होती ते. आमी पोरी हसत होतो. म्हातारी झाली तरी इचारे." सूरजबाई म्हणाल्या, "दर संवत्सरीले ते दाराआडून साऱ्याइले खमावे. आमी कोनीच तिले कधी खमावलं नाई. तिची कायची माफी मागाची, असं वाटे."

सासूबाई दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. ताट ठेवून गेल्या.

गोमे, मी त्या वेळेपासून झोपले नाही असं लिहिलं तर तुला अलंकार वाटेल. पण मला या भिंतींची भीती वाटायला लागलीये. कालच बाहेर एक जीप थांबली आणि मी विचारणारच होते, कुणाची म्हणून. तोंड हातानं दाबलं.

हे लिही. जसं आहे तसं लिही. तूही तिची क्षमा माग.

तुझी,
कंचन


नागपूर
५ ऑक्टोबर १९७४

प्रिय कंचन,

लिहिलं. एका बैठकीत लिहिलं आणि संपादकांना दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, गेल्या वर्षी ज्यांच्या घरी दिवा लागला त्यांच्या घरी यंदा अंधार कसा पाठवू?" दुसऱ्या मासिकाकडे पाठवीनही. पण तेवढ्यानं तू सुटशील का? मला नाही वाटत. काका म्हणतील, भाऊ आला नाही तरी बसली, म्हणजे तप आणखी मोठं! तुझे सासरे म्हणतील, सूरजबाईंना म्हातारचळ लागलाय. खरं बोलून इंझोरीत मी काय मिळवलं ते तू वाचलंस.

म्हणून मी एक नीच गोष्ट सुचवतेय. त्यांचा माझ्या खऱ्यावर विश्वास नाही, खोट्यावर आहे. संपादकांना दुसरी कथा हवीच आहे. तिच्यात मी भंवरीबाईंचा शेवटचा दिवस लिहिते. जाताना त्या म्हणतात, "माझ्यामागं या घरातल्या कुणा बाईनं वर्षाच्या वर या कोपऱ्यात बसायचं नाही. बसली तर माझं तप फुकट गेलं." बस, एवढंच.

फसायला एकच जागा आहे. त्या गेल्या तेव्हा जवळ कोण होतं? तो माणूस 'नाही' म्हणाला तर तुझी उरलीसुरली आशाही गेली. छपाईला आठवडा आहे. तू नको म्हणालीस तर मी लिहिणार नाही.

तुझी,
गोमती


केनवड
१० ऑक्टोबर १९७४

गोमे,

जवळ सासूबाई होत्या. एकट्या त्याच. रोज सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसतात, दातांना चिकटलेला तीळसुद्धा उपासात गिळत नाहीत. त्या खोटं बोलतील असं मला वाटत नाही. मला इथं ठेवण्यात त्यांचा हात किती आणि नाइलाज किती, हेही मला आजवर उमगलेलं नाही. त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला शिसारी आली. जिच्या तोंडात तू एकदा खोटं घातलंस, तिच्याच तोंडात आता मी दुसऱ्यांदा घालू देऊ? तेही माझ्या सोयीसाठी? आयुष्यभर एक प्रश्न विचारला बिचारीनं, तोही आपण तिला धड विचारू दिला नाही. आता तिच्या नावानं फर्मान काढायचं. सकाळभर मी दिव्याकडे बघत बसले होते.

मग दुपारी बायका आल्या. एकीनं आपली विधवा झालेली सून बरोबर आणली होती, विशीचीसुद्धा नसेल. माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाली, "पाह्य, अशी बस." ती पोर माझ्याकडे बघत राहिली. गोमे, ती घाबरली होती मला बघून.

लिही. माझ्या जबाबदारीवर लिही. भंवरीबाईंना मी खमावीन.

कंचन


इंझोरी
८ डिसेंबर १९७४

प्रिय गोमे,

वरचा पत्ता पुन्हा वाच. इंझोरी! काकूंच्या माडीवर बसून लिहितेय. समोर तुरीचं शेत आहे आणि मला लांबचं बघायची सवय राहिलेली नाही, डोळ्यांतून पाणी येतं. काकू म्हणतात उन्हानं. मी हो म्हणते.

सगळं ऐक. अंक दोन्हीकडे पोचला. काका वाचून दुसऱ्या दिवशी केनवडला हजर. चेहरा पांढराफटक, हातात तीच ओढणी. "सेठजी, भंवरीमाँचा हुकूम हाये. मी मागच्या खेपेले चुकलो."

सासऱ्यांनी कथा वाचली. पुन्हा वाचली. या वेळी मोठ्यानं नाही. मग म्हणाले, "हे त्या बाईले कोनी सांगतलं? आमच्या घरात तं कधी ऐकलं नाई."

"छापलं हाये नं, सेठजी."

"छापलं म्हून काय झालं? हुकूम घरातला, आन घरच्याइले पत्ता नाई?" बघ, छापलेल्या शब्दावर शंका घ्यायचं त्यांना नेमकं आत्ताच सुचलं. मी भिंतीला कान लावून होते. मग त्यांनी सासूबाईंना हाक मारली. "भंवरीमाँ गेल्या तवा तू पाशी होती. सांग, असं म्हनल्या होत्या काय?"

मी मनात भंवरीबाईंची माफी मागून घेतली आणि म्हटलं, संपलं, आता मरेपर्यंत इथंच.

मग सासूबाईंचा आवाज आला, रोज दूधवाल्याशी बोलतात तसाच. "व्हय. म्हनल्या होत्या."

"मंग आजवर सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं नाई."

पाहुण्यासमोर बायकोला खोटं पाडणं सासऱ्यांच्यानं झालं नाही, की खरंच पटलं, मला ठाऊक नाही. एवढंच म्हणाले, "घेऊन जा."

आता इथून पुढं मी काय करणार ते अजून ठरलेलं नाही. परत केनवडला जावं लागेल, तो नियमच आहे. पण गेले तरी घरात फिरेन, दारात उभी राहीन. आणि भंवरीबाईंची खरी गोष्ट आपण लिहायचीच. मी सांगेन, तू उतरवून घे. कुणी छापो न छापो. या वेळी अंगावर काटा आणायला गेलीस तर हात मोडीन.

पण हे सगळं सांगायला मी पत्र लिहिलं नाही. एक गोष्ट राहिली. काकांना आत बोलवायच्या आधी सासूबाई एकट्याच खोलीत आल्या. माझे केस विंचरले, पातळ नीट केलं. इतकी वर्षं त्यांचा हात माझ्या डोक्याला लागला नव्हता. मग खाली बसून म्हणाल्या, "काईच म्हनल्या नोत्या त्या. पानी मांगतलं, पेल्या, आन गेल्या."

मी विचारलं, "मग तुम्ही खोटं का बोललात?"

"तू जावं असं मले वाटत होतं म्हून. पयल्या वर्साले बी वाटत होतं. इंदरचंदजी रिकामे गेले, त्या दिवशी मी जेवली नाई."

मला एकदम राग आला, गोमे. सगळ्या दिवसांचा राग आला. मी म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललात? एक शब्द बोलला असतात तर!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. "माह्यं बोलनं कोन छापते, बाई?" असं म्हणाल्या, आणि पदर सारखा करून काकांना बोलवायला गेल्या.

तुझी,
कंचन